टाइल्स पाच दिवस उशिरा लागल्या तरी चालतील

वाचकाचं पत्र: "स्वयंपाकघर आणि एक बाथरूम सहा आठवड्यांत नवं करून देतो, असं कंत्राटदार म्हणाला होता. आज चौदावा आठवडा चालू आहे. ओट्याचा दगड बसला, त्यात हॉबसाठी, म्हणजे ओट्यात बसणाऱ्या शेगडीसाठी, जागा कापून झाली, आणि त्यानंतर सवलतीत मिळाला म्हणून आम्ही चार झोनचा इंडक्शन हॉब घेतला. तो आता बसत नाही, रुंदीला २ सेंटिमीटर कमी पडतात. नवा फ्रीज आणि डिशवॉशर दोन महिने खोक्यातच आहेत. जुनं वॉशिंग मशीन कामासाठी गॅलरीत हलवलं, तेव्हापासून कपडे पिळताना धडधडतं. सगळंच नवं होतंय तर तेही बदलावं का? बाथरूममध्ये ५० लिटरचा गीझर लावायचा आहे. ते बाथरूम मुख्यतः सासऱ्यांसाठी आहे, ते ऐंशीच्या घरात आहेत. उशिरावरून आमचं कंत्राटदाराशी जोरात भांडण झालं. तेव्हा तो म्हणाला, 'वॉटरप्रूफिंगचा दुसरा हात आजच दिलाय, परवा टाइल्स सुरू करतो.' त्याला ८० टक्के पैसे देऊन झाले आहेत. त्याला काढून टाकावं का?"

उत्तर:

परवा टाइल्स लावू देऊ नका. तुमच्या बाकीच्या प्रश्नांना आठवडाभर उशीर झाला तरी काही बिघडणार नाही. टाइल्सचं तसं नाही, म्हणून तो विषय आधी घेतो.

बाथरूमच्या जमिनीवर दिलेला लेप बहुतेक वेळा सिमेंट आणि पॉलिमर मिसळून केलेला असतो. पहिला हात, काही तासांचं अंतर, मग पहिल्याला आडवा दुसरा हात. दुसरा हात संध्याकाळपर्यंत बोटाला कोरडा लागतो, पण आतून तो अजून घट्ट झालेला नसतो. त्याला निदान तीन दिवस द्या, हवा दमट असेल तर त्याहून जास्त. पिशवीवर कंपनीनं दिवस छापलेले असतात. ते तीनापेक्षा जास्त असतील तर तेच पाळा. एवढ्यात त्या लेपावर गवंडी पाट टाकून बसला, टाइलच्या गोणी घसटल्या, खडी बुटाखाली आली, की लेपाला ओरखडे पडतात. ओरखडा दिसत नाही. तो सहा महिन्यांनी खालच्या छतावर किंवा शेजारच्या भिंतीवर ओल म्हणून दिसतो, आणि तेव्हा सगळ्या टाइल्स उखडण्यावाचून इलाज उरत नाही.

लेप घट्ट झाला की पाणी भरून ठेवा, ४८ तास. नाहणी ट्रॅपचं, म्हणजे जमिनीतल्या सांडपाण्याच्या जाळीखालच्या भांड्याचं, तोंड रबरी बुचानं किंवा प्लास्टिकच्या पिशवीत वाळू भरून घट्ट बंद करायचं. दाराच्या उंबऱ्याशी विटेचा किंवा मॉर्टरचा छोटा बांध घालायचा. पाणी ३ ते ५ सेंटिमीटर पुरे, त्याहून जास्त नको, कारण ५ सेंटिमीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला ५० किलो ओझं. भिंतीवर पाण्याच्या पातळीला पेन्सिलनं रेघ मारा आणि शेजारी वेळ लिहा. बाथरूममध्येच एक सरळ बाजूंची बादली पाण्यानं भरून ठेवा आणि तिच्यातही रेघ मारा. दोन दिवसांत थोडं पाणी वाफ होऊन जाणारच. बादलीत ३ मिलिमीटर उतरलं आणि जमिनीवरही तेवढंच उतरलं, तर लेप चांगला आहे. जमिनीवर १५ मिलिमीटर उतरलं तर गळती आहे, मग खाली ओल दिसो वा न दिसो. मात्र आधी बूच तपासा. चाचणी फसण्याचं सगळ्यात साधं कारण तेच असतं, आणि त्यापायी चांगला लेप खरवडला जातो.

गळती खरीच असेल तर ती जमिनीच्या मधोमध क्वचित सापडते. ती ट्रॅपच्या कडेला असते, पाइप भिंतीतून बाहेर येतो तिथे असते, किंवा जमीन आणि भिंत मिळतात त्या कोपऱ्यात असते. कोपरा काटकोनी राहिला की लेप तिथे ताणून फाटतो. म्हणून तिथे मॉर्टरची गोलाई करून मग लेप द्यायचा असतो, आणि वर जाळीची पट्टी. लेप भिंतीवर कुठवर चढवलाय तेही आजच बघून घ्या. सगळीकडे निदान ३० सेंटिमीटर, आणि शॉवरचं पाणी आदळतं त्या भिंतीवर १८० सेंटिमीटरपर्यंत हवा. कमी असेल तर वाढवायला अजून वेळ आहे.

या निमित्तानं आणखी एक गोष्ट विचारून घ्या: भिंतीतल्या नव्या पाइपांची दाबाची चाचणी झाली होती का? प्लॅस्टर करण्याआधी सगळी तोंडं बुचांनी बंद करून, हातपंपानं नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाब चढवून, काटा काही तास हलत नाही ना हे बघायचं असतं. झाली नसेल तर टाइल्स लागण्याआधी अजूनही करता येते. सांधा गळत असेल तर आत्ता फक्त प्लॅस्टर फोडावं लागेल.

म्हणजे आणखी साधारण पाच दिवस गेले. चौदाव्या आठवड्यात हे सांगायला आम्हालाही जड जातं, कारण धूळ, अर्धं घर बंद आणि घरात वयस्कर माणूस, या सगळ्याचा किती ताण येतो याची कल्पना आहे. पण घरकामात थांबणं दोन तऱ्हेचं असतं. सिमेंट घट्ट होण्यासाठी थांबणं हा कामाचाच भाग असतो. कुणी माल आणला नाही, कुणी फोन उचलला नाही, कुणी निर्णय दिला नाही म्हणून थांबणं हा खरा उशीर. भांडण दुसऱ्या प्रकारासाठी व्हायला हवं होतं, आणि तुमचा कंत्राटदार पहिल्या प्रकारातले दिवस कापून ते भरून काढायला निघाला आहे.

एका बाथरूमला प्रामाणिकपणे किती दिवस लागतात, ते मांडून बघा. तोडफोड आणि राडारोडा उचलणं ३ दिवस. पाइप टाकणं ३, दाबाची चाचणी १. प्लॅस्टर १, त्यावर पाणी मारणं निदान ७. वॉटरप्रूफिंगचे दोन हात आणि वाळणं ५, पाणी भरून चाचणी २. टाइल्स ४, त्यानंतर सांधे भरायच्या आधी १ दिवस मोकळा, नळ आणि भांडी बसवणं २. एकूण २९ झाले, तेही रोज माणसं आली तर. स्वयंपाकघर बरोबरीनं चाललं असतं तर सहा आठवडे जमले असते, पण ज्या दिवशी पहिला हातोडा पडला त्या दिवशी टाइल्स, नळ, हॉब, सगळं ठरलेलं असतं तरच.

म्हणून एक वही घ्या आणि गेल्या चौदा आठवड्यांतला जो जो दिवस काम बंद होतं, त्याच्यापुढे कारण लिहा: वाळत होतं, माल नव्हता, माणसं आली नाहीत, आमचा निर्णय बाकी होता. फोनवरचे मेसेज आणि फोटोंच्या तारखा बघितल्या की बरंच आठवतं. चौथ्या प्रकारातही काही दिवस निघतील, त्याला तयार राहा. दगड कापून झाल्यावर हॉब घेतला, हा त्यातलाच एक. हे दोष देण्यासाठी लिहीत नाही. कंत्राटदाराशी बसून बोलताना वहीत तुमचे दिवसही मांडलेले असले, तर त्याला त्याचे दिवस नाकारता येत नाहीत.

आता हॉब. भोक लहान पडलंय हे बरंच झालं, मोठं पडलं असतं तर दगड बदलावा लागला असता. ६० सेंटिमीटर रुंद हॉबला सहसा ५६ बाय ४९ सेंटिमीटरच्या आसपास जागा लागते, पण आसपासवर जाऊ नका. खोक्यातल्या बसवणीच्या पुस्तिकेत मिलिमीटरमध्ये आकृती असते, ती छापून मिस्त्रीच्या हातात द्या. २ सेंटिमीटर दोन्ही बाजूंना एकेक वाटून घ्या. पुढच्या बाजूनं कापायला मात्र देऊ नका. भोक आणि ओट्याची पुढची कड यांच्यातली दगडाची पट्टी ५-६ सेंटिमीटरपेक्षा अरुंद झाली की ती मोडते. कोपरे गोलसर ठेवायला सांगा. काटकोनी कोपऱ्यातूनच दगडाला चीर जाते, आणि बसवलेल्या दगडात ती सांधता येत नाही. कापताना दगडाला खालून लाकडी टेकू, डायमंड ब्लेडवर सतत पाण्याची धार, आणि आधी खालचे खण प्लास्टिकनं झाकलेले, एवढं असलं तर तासा-दीड तासाचं काम आहे. हॉबच्या खाली ड्रॉवर येत असेल तर पुस्तिकेत खालचं अंतर किती मागितलंय तेही बघा. इंडक्शनचा पंखा खालून हवा घेतो, आणि ती वाट बंद झाली की हॉब तापून मध्येच बंद पडत राहतो.

हॉबची खरी अडचण दगडात नाही, विजेत आहे. चार झोनचा इंडक्शन हॉब सगळे झोन पूर्ण चालू असताना ७,२०० वॉटच्या आसपास घेतो. २३० व्होल्टला भागलं की ३१ अँपिअर होतात. स्वयंपाकघरातला नेहमीचा मोठा सॉकेट १६ अँपिअरचा असतो, त्याची वायर बहुधा २.५ चौरस मिलिमीटरची. हॉब त्यावर जोडला तर एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की वीज तोडणारा बोर्डातला स्विच, पडत राहील, आणि मग कुणीतरी "३२चा टाकून देतो" म्हणेल. ते होऊ देऊ नका. एमसीबी वायरीला जपण्यासाठी असतो. वायर तीच ठेवून एमसीबी मोठा केला की भिंतीतली वायर तापत राहते आणि पडायला काहीच उरत नाही.

हॉबला मुख्य बोर्डापासून स्वतंत्र लाइन लागते: तांब्याची ६ चौरस मिलिमीटरची वायर, तिचा स्वतःचा एमसीबी, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच. नवीन टाइल्स फोडायची गरज नाही. माळ्यावरून किंवा छताच्या कडेनं पाइप आणून कपाटाच्या मागच्या कोपऱ्यातून खाली उतरवता येतो, तो दिसतही नाही. भिंतीत खाच मारावीच लागली तर ती उभी मारायला सांगा आणि भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा खोल नको. आडवी खाच भिंतीला जास्त कमजोर करते, तिची मर्यादा एक षष्ठांश. म्हणजे १० सेंटिमीटरच्या भिंतीत आडवी खाच दीड सेंटिमीटरच्या आतबाहेर, त्यात पाइप मावतही नाही.

नवी लाइन टाकण्याआधी घराला एकूण किती वीजभार मंजूर आहे ते बिलावर बघा. हॉब, गीझर आणि डिशवॉशर एकाच वेळी चालले तर ११,००० वॉटच्या घरात जातं. भार वाढवून घ्यायला वेळ लागत असेल तर तोवरचा एक उपाय आहे: बऱ्याच इंडक्शन हॉबमध्ये एकूण वॉट कमी करून ठेवायची सोय असते. ती बसवताना एकदाच, बटणं ठरावीक क्रमानं दाबून लावायची असते आणि पुस्तिकेच्या बसवणीच्या भागात दिलेली असते. सगळे झोन एकदम पूर्ण चालणार नाहीत, पण हॉब वापरता येईल.

खोक्यातला फ्रीज आणि डिशवॉशर आजच उघडा. पोचा, तुटलेली काच, हललेलं दार अशा तक्रारींना विक्रेते मोजकेच दिवस देतात, आणि वॉरंटी बहुधा बिलाच्या तारखेपासून चालू झालेली असते. दोन महिने तर गेलेच. काही सापडलं तर फोटो काढून लगेच लेखी कळवा, खोकं आणि थर्माकोल फेकू नका. सगळं ठीक असेल तर प्लास्टिकमध्ये परत झाका. भिंत घासण्याचं आणि टाइल कापण्याचं काम संपेपर्यंत फ्रीज चालू करू नका, ती बारीक धूळ मागच्या जाळीत आणि पंख्यात बसते. ठेवताना तो उभाच हवा. आणताना आडवा केला होता की नाही याची खात्री नसेल तर जागेवर उभा करून २४ तासांनी चालू करा, म्हणजे कॉम्प्रेसरचं तेल खाली परत येतं. बंद ठेवलेल्या फ्रीजचं दार बोटभर उघडं ठेवा, नाहीतर आत बुरशीचा वास धरतो. जागा मोजताना दार ९० अंशांपेक्षा जास्त उघडेल का ते बघा. भिंतीला अगदी चिकटून फ्रीज ठेवला की आतले ड्रॉवर बाहेर येत नाहीत, आणि हे नेमकं सगळं बसून झाल्यावर कळतं.

डिशवॉशरच्या जागेत नेहमी एकच चूक होते: उंची कच्च्या जमिनीपासून मोजली जाते. मग टाइल आणि खालचा मसाला मिळून जमीन २ ते ३ सेंटिमीटर वर येते आणि ८२ सेंटिमीटरचं यंत्र ओट्याखाली शिरत नाही. तुमची जमीन झालेली असेल तर आत्ताच टेपनं मोजा, डावीकडे, उजवीकडे आणि मागे, कारण तिन्ही ठिकाणी आकडा सारखा येतोच असं नाही. टाइल्स यंत्राच्या जागेतही मागच्या भिंतीपर्यंत लागलेल्या हव्यात. नुसत्या पुढे लावल्या तर यंत्र खड्ड्यात बसतं आणि दुरुस्तीला बाहेर काढता येत नाही. पाण्याचा पाऊण इंची नळ आणि सॉकेट शेजारच्या कपाटात घ्या. यंत्राच्या पाठीमागे नळ ठेवला तर गळती झाली त्या दिवशी तो बंद करायला हात पोचणार नाही. सांडपाण्याची नळी ओट्याच्या खालच्या बाजूपर्यंत वर नेऊन, तिथे वळवून मग सिंकच्या ट्रॅपला जोडायची. हा उंच वळसा नसेल तर सिंकचं घाण पाणी उलटं यंत्रात येतं. शेवटचं, पाण्याचा दाब: बहुतेक यंत्रांना निदान अर्धा बार लागतो, आणि १० मीटर उंचीच्या पाण्याला साधारण १ बार दाब मिळतो. टाकी नळापेक्षा ५ मीटर उंच नसेल तर पुस्तिकेतला आकडा बघून छोटा पंप लागेल का ते ठरवा.

वॉशिंग मशीन बदलू नका. निदान आत्ता नाही. हलवल्यापासून धडधडतंय म्हणजे पहिला संशय पायांवर. रिकामं मशीन बंद ठेवून वरच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवर आळीपाळीनं दाब द्या. डुललं तर एक पाय अधांतरी आहे. पाय फिरवून चारही टेकवा, लेव्हल लावून बघा, आणि मग प्रत्येक पायावरची चकती वर फिरवून घट्ट आवळा. ही चकती सैल राहिली की चार धुण्यांत पाय परत फिरतो. गॅलरीला पाण्यासाठी ढाळ असतो, त्यामुळे तिथे पुढचे आणि मागचे पाय सारखे ठेवून चालतच नाही. सांडपाण्याच्या नळीचं टोकही तपासा. ते जमिनीपासून ६० ते १०० सेंटिमीटर उंच हवं. गॅलरीत नळी जमिनीच्या जाळीत सोडलेली असेल तर पाणी भरतानाच ओघळून जातं, मशीन पुन्हा पुन्हा पाणी घेत राहतं आणि धुणं लांबतं.

हे करूनही आवाज राहिला तर तो कसला आहे ते ऐका. नाणं खुळखुळल्यासारखा असेल तर खालच्या पंपाच्या फिल्टरमध्ये काहीतरी अडकलंय, पाच मिनिटांचं काम. ड्रम आदळल्यासारखा असेल तर शॉकॲब्सॉर्बर गेले असतील, ते बदलता येतात. वेग वाढेल तसा घरघराट चढत जात असेल, आणि रिकामा ड्रम हातानं वरखाली हलवला की खिळखिळा लागत असेल, तर बेअरिंग. काही मशीनमध्ये बाहेरची टाकी चिकटवून बंद केलेली असते, तिथे बेअरिंगसाठी पूर्ण टाकीच बदलावी लागते. बदलण्याचा विचार तेव्हा करा: दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्याहून जास्त आणि मशीनचं निम्मं आयुष्यही उलटलेलं, अशा दोन्ही गोष्टी असतील तर. आणि नवं समोरून उघडणारं मशीन आणलंत, तर मागचे वाहतुकीचे बोल्ट काढल्याशिवाय एकदाही चालवू नका. ते काढून पिशवीत जपून ठेवा, पुढे कधी घर बदलताना लागतील.

गीझर ५० लिटरचा हवाच का, ते आधी मोजा. २० अंशांचं पाणी ६० अंशांपर्यंत तापवून त्यात थंड मिसळलं की २५ लिटरमधून ४० अंशांचं सुमारे ५० लिटर पाणी मिळायला हवं. प्रत्यक्षात टाकीत मागून थंड पाणी शिरत असल्यामुळे थोडं कमी मिळतं. बादलीनं आंघोळ करणाऱ्या एका माणसाला ते भरपूर आहे. २ किलोवॉटचा गीझर २५ लिटर एवढं तापवायला सुमारे ३५ मिनिटं घेतो, ५० लिटरला ७०. सासरे सकाळी पहिले आंघोळ करत असतील तर त्यांच्यासाठी लवकर तापणारा लहान गीझर जास्त सोयीचा. ५० लिटरचाच घ्यायचा ठरवलात तर पाण्यासकट त्याचं वजन ६५ किलोच्या आसपास जातं. भिंत भरीव विटेची आहे की पोकळ किंवा हलक्या ब्लॉकची, हे इलेक्ट्रिशियनला आधी सांगा, कारण अँकर बोल्ट वेगळे लागतात. सुरक्षा व्हॉल्व्हमधून कधीकधी थेंब गळतात. ते गळू द्यावेत, त्याला नळी जोडून जाळीपर्यंत न्यावं. ते तोंड बूच लावून कुणीही बंद करता कामा नये, वाढलेला दाब तिथूनच बाहेर पडतो.

कंत्राटदाराला आज काढू नका. नवा माणूस दुसऱ्यानं केलेल्या वॉटरप्रूफिंगची हमी घेत नाही, तो बहुधा ते खरवडून पुन्हा करायला सांगतो, आणि जुना म्हणतो की त्यानं उखडलं म्हणून गळलं. बदलायचंच असेल तर काम एका टप्प्यावर पुरं झालेलं आणि तपासलेलं असताना बदलावं. तुमचा असा टप्पा पाण्याच्या चाचणीचा आहे.

८० टक्के आधीच दिलेत, हे तुमचं कमजोर अंग आहे. उरलेल्या २० टक्क्यांची आजच लेखी वाटणी करा, तारखांवर नको, कामावर: पाण्याची चाचणी पास होऊन टाइल्स आणि सांधे पुरे झाले की ५, हॉबची लाइन टाकून सगळं चालवून दाखवलं की ५, नळ, दारं आणि राहिलेल्या बारीक कामांची यादी संपली की ५, आणि शेवटचे ५ तीन महिने वापरून ओल दिसली नाही तर. मधे उचल मागितली तर कशासाठी ते विचारा. टाइल्ससाठी मागत असेल तर दुकानदाराला तुम्हीच थेट पैसे द्या आणि माल घरात येऊ द्या. टाइल्स १० टक्के जास्त घ्या, सगळ्या खोक्यांवर एकच बॅच नंबर बघून. नंतर आणलेल्या खोक्याचा रंग जुळत नाही.

वही समोर ठेवून पुढच्या तीन आठवड्यांचं वेळापत्रक त्याच्याकडून त्याच्याच अक्षरात घ्या, पाणी मारण्याचे आणि वाळण्याचे दिवस धरून. नव्या प्लॅस्टरला रंग कधी, तेही त्यात येऊ दे. पुट्टीच्या आधी साधारण महिना जायला हवा. घाई वाटत असेल तर हातभर प्लास्टिकचा तुकडा भिंतीला चारी बाजूंनी चिकटपट्टीनं रात्रभर लावून ठेवा. सकाळी आत दव जमलं असेल तर थांबा, नाहीतर वर्षभरात पोपडे येतील.

तो पाण्याची चाचणी करायला नकार देत असेल, दिलेल्या पैशांचा माल पुन्हा मागत असेल, किंवा कारण न सांगता आठवडाभर फिरकला नाही, तर मात्र थांबू नका. लेखी कळवा, झालेल्या कामाची मोजमापं आणि फोटो त्याच्या समोर घ्या, घरात पडलेल्या मालाची यादी करून दोघांच्या सह्या घ्या, आणि मग दुसरा शोधा.

सासऱ्यांच्या बाथरूमबद्दल एक गोष्ट पत्रात नव्हती, पण ती टाइल्सच्या आधीच ठरवावी लागते. कमोडच्या शेजारी आणि शॉवरपाशी धरायचे दांडे लागतील. ते माणसाचं पूर्ण वजन तोलणारे हवेत, म्हणजे किमान ११० किलो, आणि भरीव भिंतीतच बसायला हवेत. भिंत पोकळ ब्लॉकची असेल तर दांड्याच्या जागी आत्ताच प्लॅस्टर उघडून काँक्रीट भरून घ्या. उंची ८५ ते ९० सेंटिमीटरच्या आसपास ठेवतात, पण सासऱ्यांना एकदा तिथे खुर्चीवर बसवून उठताना हात कुठे जातो ते बघून खूण करा. मग त्या खुणेपाशी पाइप जातोय का हे तपासा आणि टेप भिंतीला धरून फोटो काढून ठेवा. टाइल्स लागल्यावर छिद्रं त्या फोटोवरूनच पाडायची आहेत. छिद्र पाडलं की स्क्रू घालण्याआधी आत सिलिकॉन भरायला सांगा, म्हणजे तिथला लेप फाटला तरी पाणी भिंतीत उतरणार नाही.